‘हो’ला वजन हवं, तर ‘अजून नाही’लाही जागा हवी

दृढीकरण म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती व्यक्तीला विश्वासात पक्कं करण्याचा विधी. त्यातला मुख्य क्षण कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण डोक्यावर ठेवलेला हात किंवा कपाळावर लावलेलं पवित्र तेल सांगतील. त्याच्या काही मिनिटं आधी आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. उमेदवारांना प्रश्न विचारले जातात. सैतानाला आणि त्याच्या कामांना तू नाकारतोस का? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर तुझा विश्वास आहे का? ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, त्यांच्यासाठी हे प्रश्न एकदा विचारून झालेले असतात. तेव्हा उत्तरं आईवडिलांनी आणि धर्ममाता-धर्मपित्यांनी दिली होती. आता ती ज्याची त्याने द्यायची असतात.

प्रत्यक्षात वीस-पंचवीस मुलंमुली छापील कागदाकडे बघत एका सुरात ‘होय’ म्हणतात. त्यातल्या कुणी ‘नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार कुणीच केलेला नसतो. मुलांनी नाही, आईवडिलांनी नाही आणि पुष्कळदा शिकवणाऱ्यांनीही नाही. ज्याला एकच उत्तर चालतं, त्याला प्रश्न कसं म्हणायचं?

आमचं म्हणणं असं आहे. दृढीकरण वयाच्या किंवा इयत्तेच्या हिशेबाने अख्ख्या तुकडीचं एकदम उरकू नये. शिक्षण सगळ्यांना एकत्र द्यावं, पण विधीला उभं राहायचं की थांबायचं हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावं, आणि थांबणाऱ्याला कमीपणा येणार नाही अशी व्यवस्था आधीपासून करावी. दुसरं, तयारीतला वेळ आणि माणसं निम्मी तरी विधीनंतरच्या वर्षासाठी राखून ठेवावीत. तरुणांना खरं प्रोत्साहन द्यायचं तर ते या दोन गोष्टींतून मिळतं. विधीच्या दिवशीच्या भाषणांतून आणि भेटवस्तूंतून त्याचा फार थोडा वाटा पोचतो.

तुकडीची ही सवय आली कुठून, ते थोडं पाहू. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत, म्हणजे चर्चसमुदायांत, बाप्तिस्म्याला लागूनच तेलाचा अभिषेक होतो, अगदी तान्ह्या बाळालाही. पश्चिमेकडे हा अभिषेक बिशपांसाठी राखला गेला, बिशप यायला वेळ लागायचा, आणि हळूहळू दोन विधींमध्ये वर्षांचं अंतर पडलं. कॅथलिकांमध्ये 1910 साली पोप दहावे पायस यांच्या काळात प्रथम ख्रिस्तप्रसाद (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतला भाकरीचा विधी) साधारण सातव्या वर्षी देण्याचा निर्णय झाला, त्यामुळे अनेक ठिकाणी दृढीकरण त्याच्याही नंतर गेलं. प्रोटेस्टंटांची वाट वेगळी. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने याला संस्कार मानायला नकार दिला, पण 1529 मध्ये त्याने लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची मूळ शिकवण प्रश्नोत्तरांत सांगणारी पुस्तिका, लिहिली आणि पुढे अनेक पिढ्यांनी त्यावरच दृढीकरणाची तयारी केली.

या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग जर्मनीतल्या हेस प्रांतातला आहे. तिथे तान्हेपणीचा बाप्तिस्मा न मानणारी अ‍ॅनाबॅप्टिस्ट मंडळी विचारत होती, की बाळपणी पाणी शिंपडलेल्या माणसाने स्वतः कधी विश्वास कबूल केला? प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन बुत्सरने हा आक्षेप झटकून टाकला नाही. 1538-39 च्या सुमारास तिथल्या मंडळ्यांसाठी जी शिस्त आखली गेली, तिच्यात मुलांना शिकवून, मंडळीसमोर त्यांची कबुली घेऊन, हात ठेवून प्रभुभोजनाला (प्रोटेस्टंटांचा ख्रिस्तप्रसाद) घेण्याची पद्धत आली. म्हणजे प्रोटेस्टंट दृढीकरण एका रास्त आक्षेपाला उत्तर म्हणून उभं राहिलं, आणि त्याचा गाभाच हा होता की माणसाने स्वतः बोलावं. पुढे दोनशे वर्षांनी, 1736 मध्ये, डेन्मार्क-नॉर्वेच्या राज्यात दृढीकरण कायद्यानेच सक्तीचं झालं. त्याशिवाय लग्नही करता येत नसे. त्याचा एक फायदा झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं: मुलांना प्रश्नोत्तरी वाचता यावी म्हणून 1739 मध्ये शाळांचा कायदा आला आणि वाचन खेड्यापाड्यांत पोचलं. पण स्वतःहून द्यायची कबुली सरकारी दाखल्यासारखी झाली. आज बहुतेक ठिकाणी तशी सक्ती नाही. सक्तीची सवय मात्र घराघरांत तशीच आहे.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप नेहमी येतात.

पहिला आक्षेप ईशज्ञानाचा आहे आणि तो वजनदार आहे. कृपा ही पात्रता बघून मिळत नाही. दृढीकरण म्हणजे शहाणपणाचं बक्षीस नव्हे, मग ‘तयार आहेस का’ असं विचारणं म्हणजे देवाच्या देणगीवर परीक्षा लावणं नाही का? कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही बजावतो, की विश्वासातलं प्रौढपण आणि वयाचं प्रौढपण यांची गल्लत करू नका. हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच आम्ही कुणाला नापास करा असं म्हणत नाही. धर्मगुरूने कुणाला रोखू नये. थांबायचं असेल तर तरुणाने स्वतः थांबावं. शिवाय त्याच कॅथलिक कायद्यात, समज आलेल्या व्यक्तीने योग्य शिक्षण घेतलेलं असावं, तिच्या मनाची तयारी असावी आणि बाप्तिस्म्याची वचनं तिला पुन्हा उच्चारता यावीत, अशी अपेक्षा आहे. देणगी फुकट असली तरी ती घ्यायला हात आपला आपण पुढे करावा लागतो. आणि हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो, तो पुन्हा देता येत नाही. मग घाई कशासाठी?

दुसरा आक्षेप भीतीचा आहे: ‘एकदा सोडलं तर परत येणार नाहीत.’ ही भीती आईवडिलांना वाटते, धर्मगुरूंनाही वाटते, आणि ती प्रेमातूनच येते. पण जरा नीट बघा. ज्याला ढकलून उभं केलं, तो विधीनंतर निघून जातोच. फरक एवढाच की आता त्याचं ‘झालेलं’ असतं. त्याला परत बोलवायला निमित्तही उरत नाही. उलट जो मोकळेपणाने ‘अजून नाही’ म्हणाला, त्याच्याशी एक संवाद अर्धा राहिलेला असतो, आणि अर्धा संवाद पुढे नेता येतो.

आता हे करायचं कसं.

गट आठ जणांपेक्षा मोठा नको. मुलं जास्त असतील तर दोन गट करावेत, दोन शिकवणारे शोधावेत. आठच्या पुढे गेलं की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे त्यांच्या मागे लपतात. आठवड्याला सव्वा तास पुरतो. पहिली वीस मिनिटं वचन वाचायला, पुढची तीस शिकवायला, उरलेली पंचवीस फक्त प्रश्नांना. सहसा शिकवणं लांबतं आणि प्रश्नांचा वेळ खाऊन टाकतं. त्यावर साधा उपाय आहे, प्रश्न आधी घ्यावेत. मागच्या आठवड्यात मुलांनी चिठ्ठीवर नाव न घालता लिहून दिलेले प्रश्न या आठवड्याच्या सुरुवातीला वाचावेत. ज्याचं उत्तर ठाऊक नाही, त्याला ‘मला माहीत नाही, पुढच्या वेळी बघून सांगतो’ असं सरळ म्हणावं, आणि पुढच्या वेळी खरोखर सांगावं. हे दुसरं राहिलं तर मुलं चौथ्या आठवड्यापासून प्रश्न लिहायचं बंद करतात.

पाठांतराला हल्ली नाकं मुरडली जातात. आम्ही पाठांतराच्या बाजूचे आहोत. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची थोडक्यातली कबुली) आणि दोन-तीन स्तोत्रं तोंडपाठ हवीतच. रुग्णालयाच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाच्या हातात पुस्तक नसतं, आणि त्या वेळी स्वतःचे शब्द सुचतही नाहीत. मात्र पाठ झालं म्हणजे पटलं असं धरू नये. म्हणून पाठ झाल्यावरच पुढचं काम सुरू होतं.

त्यासाठी विश्वासांगीकाराचा कागद हा फार उपयोगी. प्रत्येकाला तो एकेक ओळ सुटी करून, डावीकडे रुंद समास सोडून द्यावा. पेन्सिल द्यावी, पेन नको. मुलाने एकट्याने बसून समासात तीनपैकी एक खूण करायची. जी ओळ मनापासून म्हणता येते तिच्यापुढे बरोबरची खूण, जिचा अर्थच कळत नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि कळते पण गळी उतरत नाही तिथे फुली. बघा काय होतं ते. ‘अधोलोकात उतरला’ पुढे जवळजवळ सगळ्यांचं प्रश्नचिन्ह असतं. ‘कुमारी मरियेपासून जन्मला’ पुढे काहींची फुली, ती अर्धवट खोडलेली, कारण कागद कुणी बघेल अशी धास्ती असते. ‘पंतय पिलात’ पुढे बरोबरची खूण सहज पडते. तिथे थांबून विचारावं की एका रोमी अधिकाऱ्याचं नाव विश्वासाच्या कबुलीत कशाला? मग हे कधीतरी, कुठेतरी घडलेलं आहे, इतिहासात घडलेलं आहे, हा मुद्दा मुलं स्वतःच काढतात. ‘पवित्र सार्वत्रिक मंडळी’ पुढची फुली सगळ्यात बोलकी असते. तिच्यामागे बहुतेक वेळा मंडळीतल्या कुठल्यातरी मोठ्या माणसाचं वागणं असतं.

आणखी एक गोष्ट त्या कागदावरच दाखवावी. प्रभूची प्रार्थना ‘आमच्या’ पित्याला आहे, पण विश्वासांगीकार ‘मी’ने सुरू होतो. शेकडो माणसं एकत्र म्हणतात तरी प्रत्येक जण ‘मी’च म्हणतो. दृढीकरण या एका ‘मी’साठी आहे.

हा कागद सहा महिन्यांनी त्याच मुलाला परत द्यावा आणि दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने पुन्हा खुणा करायला सांगाव्यात. सगळ्या फुल्या जाव्यात अशी अपेक्षा धरू नये. कुठली फुली प्रश्नचिन्ह झाली, कुठल्या बरोबरच्या खुणेला आता फुली आली, यावर बोलावं. बरोबरची फुली झाली म्हणजे मुलगी बिघडली असं नव्हे. बहुधा तिने पहिल्यांदाच ती ओळ वाचलेली असते.

शंका तीन जातींच्या असतात, आणि तिन्हींना एकच औषध दिलं की घोटाळा होतो. एक माहितीची शंका: येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत फरक का, सृष्टीची सहा दिवसांची कथा आणि विज्ञान यांचं काय. इथे नीट अभ्यास केलेलं उत्तर लागतं, ‘विश्वास ठेव’ म्हणून भागत नाही. दुसरी दुखावलेपणाची: आजी बरी व्हावी म्हणून प्रार्थना केली, ती गेली. इथे उत्तर देऊच नये. ऐकावं, सोबत बसावं, विलापाची स्तोत्रं एकत्र वाचावीत. तेरावं स्तोत्र ‘कुठवर, परमेश्वरा?’ असंच विचारतं. तिसरी जगण्यातली शंका, जिथे मुलाला ठाऊक असतं की खरंच विश्वास धरला तर काहीतरी सोडावं लागेल. हा प्रश्न तो वेगळ्याच प्रश्नाच्या आड लपवतो. घाईने उघडा पाडू नये, पण ओळखावा. दुखावलेल्या मुलीला पुरावे देणं आणि अभ्यासू मुलाला पाठीवर थोपटून गप्प करणं, या दोन चुका सगळ्यात जास्त होतात.

विधीच्या साधारण सहा आठवडे आधी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलावं. चाळीस मिनिटं. जागा अशी की इतरांना दिसेल, दार उघडं असेल, पण शब्द ऐकू जाणार नाहीत. अल्पवयीन मुलांशी बंद खोलीत एकट्याने बोलायचंच नाही, यात कुणालाही सूट नको. आईवडील त्या वेळी तिथे नसावेत. तीन प्रश्न पुरतात. हे करायचं कुणाच्या मनात आहे? नाही केलं तर घरी काय होईल? आणि यातलं काय तुला आजच खरं वाटतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बाबा बोलणार नाहीत’ असं आलं, तर पुढचं काम बाबांशी आहे.

म्हणून पालकांची बैठक वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावी, शेवटी नाही. तिथे स्पष्ट सांगावं: तुमचं मूल थांबायचं म्हणालं तर ते तुमचं अपयश नाही, आणि विधीच्या तारखेआधी पाहुण्यांना शब्द देऊन बसू नका. कपडे, जेवण, छायाचित्रं यांची जुळवाजुळव सुरू झाली की मुलाला माघार घेणं अशक्य होतं. तोपर्यंत निर्णय झालेला हवा. अधिक तारखा ठेवता आल्या तर फार बरं. वर्षात एकच विधी असेल तर ‘थांबणं’ म्हणजे वर्षभर मागे पडणं ठरतं.

आता तरुणांशी थोडं थेट. सगळ्या शंका मिटल्याशिवाय ‘हो’ म्हणताच येत नाही, असं समजून बसू नका. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात सांगतो, की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला मदत कर. येशूने त्याला परत पाठवलं नाही. ‘हो’ म्हणजे माझं उत्तर पूर्ण झालं असं नाही. या प्रभूच्या मागे चालत मी पुढचे प्रश्न विचारीन, असा त्याचा अर्थ आहे. हे म्हणता येत असेल तर उभं राहा. म्हणता येत नसेल तर थांबा, पण येणं बंद करू नका. आणि मैत्रीण उभी राहते म्हणून उभं राहू नका, मित्र थांबला म्हणून थांबू नका.

विधीनंतरचं वर्ष हा आमच्या मते मंडळ्यांचा सगळ्यात मोठा दुबळेपणा आहे. विधी झाला त्या दिवशी वर्ग संपतो, शिकवणाऱ्याची रोजची ओळख संपते, संडे स्कूलचं वय उलटलेलं असतं आणि तरुण संघात सगळे चार-पाच वर्षांनी मोठे असतात. मूल मंडळी सोडत नाही. त्याला बसायला जागाच उरत नाही. सहा आठवड्यांत ही पोकळी भरली नाही तर रविवार दुसऱ्याच कशाने तरी भरतो.

त्यावर दोन गोष्टी कराव्यात. पहिली, खरं काम द्यावं. खुर्च्या लावणं, पत्रकं वाटणं हे काम सगळ्यांनी करावं. तरुणांना तेवढंच देणं म्हणजे त्यांना मदतनीस ठेवणं झालं. शास्त्रवाचन द्यावं, आणि ते नीट द्यावं: उतारा बुधवारपर्यंत हातात, घरी तीनदा मोठ्याने वाचून, शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये ध्वनिक्षेपकावर एकदा तालीम. कठीण नावांचे उच्चार आधी सांगून ठेवावेत. मंडळीसमोर एकदा अडखळून हसू झालं की मूल पुन्हा पुढे येत नाही. कुणाला जमाखर्च ठेवणाऱ्याच्या शेजारी बसवावं, कुणाला आजारी माणसांच्या भेटीला मंडळीतल्या एका ज्येष्ठ माणसाबरोबर आणि एका बाईंबरोबर न्यावं. मंडळीच्या बैठकीत दोघांना बसवलं तर त्यांचं मत विचारावं आणि निदान एकदा तरी त्याप्रमाणे वागावं. ‘तुझ्या तारुण्याला कुणी तुच्छ मानू नये’ असं प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो, तेव्हा तीमथ्याकडे अख्ख्या मंडळीची जबाबदारी होती.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाला एक मोठा सोबती, आईवडिलांपैकी नसलेला. कॅथलिक पद्धतीत तो धर्मपालक म्हणून असतोच. त्याचं वय 16 पूर्ण असावं, स्वतःचं दृढीकरण झालेलं असावं आणि तो आईबाप नसावा, असा नियम आहे. बाप्तिस्म्याच्या वेळचाच धर्मपालक असेल तर उत्तम, असंही कायदा सुचवतो. पण बहुतेकदा खांद्यावर हात ठेवून तो फोटोपुरता उभा राहतो. त्याला लेखी काम द्यावं: वर्षभर महिन्यातून एकदा, उघड्या ठिकाणी तासभर भेट. सुरुवातीला मार्काचं शुभवर्तमान घ्यावं. सोळाच अध्याय आहेत, दर भेटीला दोन घेतले तर आठ महिन्यांत होतं.

या सोबत्याचं काम कसं असावं, ते पहिल्या शमुवेलाच्या तिसऱ्या अध्यायात दिसतं. मुलगा शमुवेल हाक ऐकून तीनदा एलीकडे, म्हणजे म्हाताऱ्या याजकाकडे, धावत जातो. पहिल्या दोन वेळा एलीला काहीच कळत नाही, तो म्हणतो, मी हाक मारली नाही, जा, नीज. तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात येतं. मग तो काय करतो? मुलाला एक वाक्य शिकवतो, ‘बोल, परमेश्वरा, तुझा दास ऐकत आहे,’ आणि त्याला त्याच्या जागी परत पाठवतो. स्वतः बरोबर जात नाही. सकाळी मात्र तो विचारतो, आणि जे ऐकायला मिळतं ते त्याच्याच घराण्याविरुद्धचं असतं, तरीही पूर्ण ऐकून घेतो. वाक्य शिकवणं, बाजूला होणं, आणि नंतर कटू असलं तरी ऐकणं, हे तिन्ही जमणारी माणसंच सोबती म्हणून निवडावीत. वक्तृत्व लागत नाही.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसरीकडे जाणाऱ्याच्या हाती नुसतं दाखल्याचं पत्र देऊ नये. तिथल्या मंडळीतल्या एका माणसाचं नाव द्यावं, त्या माणसाला आधी फोन करून ठेवावा, आणि पहिल्या रविवारी कुणी भेटलं का ते विचारावं. अनोळखी चर्चमध्ये तीन रविवार कुणीच बोललं नाही तर चौथा येत नाही.

आणि जो थांबला, त्याचं काय? त्याचं नाव वर्गाच्या यादीतून काढू नये. विधीच्या दिवशी त्याला घरी बसवू नये; हवं असेल तर इतरांसाठीच्या प्रार्थना त्याने म्हणाव्यात. मंडळीत कुणी विचारलं तर शिकवणाऱ्याने सांगावं, ‘तो विचार करतोय आणि आम्ही त्याच्याबरोबर आहोत,’ एवढंच. त्यालाही सोबती द्यावा, तोच महिन्याचा एक तास, तेच मार्काचे सोळा अध्याय. तीन महिन्यांनी त्याचा विश्वासांगीकाराचा कागद बाहेर काढावा, आणि नव्या रंगाची पेन्सिल त्याच्या हातात द्यावी.